ट्वेल्व्ह अपॉसल्स : ज्येष्ठांना घेऊन एका दिवसात जाऊन यावे की मुक्काम करावा?

यारातीर

नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नला राहतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझे सासू-सासरे साताऱ्याहून प्रथमच इकडे येत आहेत आणि त्यांना पोर्ट कॅम्पबेल राष्ट्रीय उद्यानातील ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातील खडकांच्या सुळक्यांचे प्रेक्षणस्थळ दाखवावे अशी आमची फार इच्छा आहे. सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. ते सपाटीवर उत्तम चालतात, पण पायऱ्या उतरताना त्यांना त्रास होतो. सासूबाईंना वळणांच्या रस्त्यावर हमखास गाडी लागते. नवऱ्याच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, तेथे गाडीतून उतरायचे, फोटो काढायचा आणि परत निघायचे, त्यासाठी मुक्कामाचा खर्च कशाला? दुसरीकडे, काही जण तेथे रात्री राहिल्याशिवाय जाऊच नये असे सांगतात. जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे. रस्ता कोणता घ्यावा आणि हेलिकॉप्टरची फेरी खरोखर घेण्यासारखी आहे का, हेही सांगावे.

ओटवेकर

मुक्काम करावा. पोर्ट कॅम्पबेल गावात राहावे, ते तेथून साधारण बारा किलोमीटरवर आहे. जानेवारी अखेरीस ऑस्ट्रेलिया दिनाची सुट्टी येते, त्यामुळे खोलीचे आरक्षण आजच करावे आणि चर्चा नंतर वाचावी.

जिलॉन्गवासी

माझे मत वेगळे आहे. मेलबर्नहून किनाऱ्याच्या रस्त्याने हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि कोलॅकवरून आतल्या रस्त्याने गेल्यास ते बरेच कमी होते. आतल्या रस्त्याने पहाटे निघून तीन तासांत पोहोचता येते, दुपारपर्यंत सर्व पाहून रात्रीच्या जेवणाला घरी येता येते. आमच्याकडे भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही असेच नेले आहे आणि कोणाची तक्रार आलेली नाही. वयस्कर माणसांना परक्या गावातील खोली, तेथील गादी, न मिळणारा सकाळचा चहा यांपेक्षा स्वतःच्या घरी येऊन झोपणे अधिक मानवते. मुक्काम हा आपल्या हौसेसाठी असतो आणि नाव मात्र त्यांचे घेतले जाते, असे मला अनेकदा वाटते.

ओटवेकर

चहाची पूड आणि किटली बरोबर नेता येते. संध्याकाळ मात्र बरोबर नेता येत नाही.

खडकवाचक

मूळ प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी, आपण नेमके काय पाहायला जात आहोत हे थोडे सांगतो, कारण एका दिवसात होईल की नाही हे त्यावरच ठरते. मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि आता त्याच्याशी संबंध नसलेले काम करून पोट भरतो, त्यामुळे संधी मिळाली की लिहितो.

हे सुळके चुनखडीचे आहेत. सुमारे दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता आणि त्यातील सूक्ष्म जीवांचे सांगाडे, शिंपल्यांचा चुरा तळाशी थरावर थर साठून हा खडक तयार झाला. प्रेक्षण-मचाणावरून नीट पाहिल्यास प्रत्येक सुळक्यावर आडवे पट्टे दिसतात. काही फिकट पिवळे, काही तांबूस, काही जवळजवळ करडे. शेजारच्या कड्यावरही तेच पट्टे त्याच उंचीवर दिसतात, कारण सुळका आणि कडा हा एकेकाळी एकच सलग खडक होता. दक्षिण महासागराच्या लाटा भूशिराला दोन्ही बाजूंनी पोखरतात, आधी गुहा होतात, दोन गुहा आरपार मिळाल्या की कमान होते, कमानीचे छत कोसळले की समुद्रात एकटा सुळका उरतो. तो सुळकाही पायथ्याशी झिजतच असतो. झिजेचा वेग वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर सांगितला जातो, पण प्रत्यक्षात ती सरासरी आहे. अनेक वर्षे काही घडत नाही आणि मग एका सकाळी सुमारे पन्नास मीटर उंचीचा खडक काही क्षणांत ढिगारा होतो. 3 जुलै 2005 रोजी अगदी असेच घडले. त्याचा ढीग आजही लाटांमध्ये दिसतो.

हे पट्टे डोक्यावर सूर्य असताना जवळजवळ दिसत नाहीत. दुपारी बारा वाजता सगळा खडक एकाच सपाट पिवळ्या रंगाचा दिसतो आणि पायथ्याची कोरलेली कंबरही सावलीअभावी हरवते. प्रकाश तिरका झाला की प्रत्येक थर वेगळा उठून येतो. जिलॉन्गवासींच्या वेळापत्रकात बसणारी वेळ नेमकी दुपारची आहे, एवढेच नम्रपणे नोंदवतो.

चहाबाज

म्हणजे नाव बाराचे, नामकरणाच्या वेळी होते नऊ, त्यातला एक 2005 साली पडला आणि आता उरले आठ. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची गणसंख्यासुद्धा याहून बरी भरते.

खडकवाचक

चहाबाज, यातही एक गंमत आहे. या खडकांना पूर्वी ‘डुकरीण आणि तिची पिल्ले’ अशा अर्थाचे नाव होते. पर्यटकांना आकर्षित करण्यासाठी विसाव्या शतकात ते बदलून ख्रिस्ताच्या प्रेषितांचे नाव दिले गेले, आणि प्रेषित म्हटले की बारा आलेच, मग मोजणी कोणी केली नाही. मात्र हे कायमचे आठच राहतील असे नाही. आज जी भूशिरे समुद्रात घुसलेली दिसतात, तीच पुढे तुटून नवे सुळके होणार आहेत. तोपर्यंत हा धागा चालू राहिल्यास आकडा अद्ययावत करू.

निवृत्त_मास्तर

मी मुलाकडे आलो असताना हे ठिकाण पाहिले असून, ज्येष्ठ या नात्याने माझेही मत नोंदवावे असे वाटते. गुडघेदुखी असलेल्यांना मुख्य प्रेक्षणस्थळी काहीच अडचण येत नाही. वाहनतळ महामार्गाच्या एका बाजूला आहे, तेथून रस्त्याखालील बोगद्यातून पायवाट समुद्राकडे जाते आणि सावकाश चालणारा माणूसही पंधरा-वीस मिनिटांत कड्यावरील मचाणांपर्यंत पोहोचतो. स्वच्छतागृहे वाहनतळाजवळच आहेत. मचाणांकडे काही नाही, त्यामुळे आमच्या वयाच्या लोकांनी ते काम आधी उरकून पुढे जावे.

गिब्सन स्टेप्स मात्र सासऱ्यांनी टाळाव्यात. कड्यात खोदलेल्या 86 पायऱ्या उतरून वाळूवर जावे लागते, पायऱ्या ओल्या असतात आणि परत चढणे असतेच. माझी पत्नी खाली गेली आणि मी वरूनच पाहिले. गॉग आणि मेगॉग नावाचे दोन सुळके वरूनही दिसतात. फक्त त्यांची उंची खाली उभे राहिल्यावरच अंगावर येते, असे तिने नंतर मला बऱ्याच वेळा ऐकवले.

आता ज्या गोष्टीची येथे कोणीच दखल घेतलेली नाही ती सांगतो. अपॉसल्सच्या पुढे काही मिनिटांच्या अंतरावर लॉक आर्ड गॉर्ज आहे आणि माझ्या मते या उद्यानातील सर्वांत मोलाची जागा तीच आहे. लॉक आर्ड हे जहाज इंग्लंडहून मेलबर्नला येत होते. 1 जून 1878 च्या पहाटे, प्रवास संपत आलेला असताना, धुक्यामुळे किनाऱ्याचा अंदाज आला नाही आणि ते मटनबर्ड बेटाजवळ खडकावर आदळले. जहाजावरील 54 जणांपैकी केवळ दोघे वाचले. टॉम पीअर्स हा शिकाऊ खलाशी लाटांबरोबर या अरुंद घळीत फेकला गेला. किनाऱ्याला लागल्यावर त्याला पाण्यातून एका मुलीची हाक ऐकू आली आणि तो पुन्हा समुद्रात शिरून तिला ओढून घेऊन आला. ती इव्हा कारमायकेल. तिचे आईवडील आणि भावंडे त्याच जहाजावर होती आणि ती सर्व बुडाली. टॉमने तिला गुहेत ठेवले, स्वतः कडा चढून वर गेला आणि ग्लेनॅम्पल या कुरणवाडीवरील माणसांना घेऊन आला. त्या वाडीचे मालक ह्यू गिब्सन. गिब्सन स्टेप्समधील गिब्सन तेच. इव्हाला त्यांच्याच घरी आसरा मिळाला. त्या काळच्या जनतेला या दोघांचे लग्न व्हावे असे फार वाटत होते, पण इव्हा काही आठवड्यांनी आयर्लंडला परत गेली.

घळीच्या वर लहानशी दफनभूमी आहे. चारच मृतदेह मिळाले होते. तेथपर्यंतची वाट सपाट असून सासऱ्यांना सहज जाता येईल.

सरिता_वारणा

मास्तर, आपण फार छान लिहिले आहे. त्यात भर घालते. त्याच जहाजातून मिंटन कंपनीचा, माणसाच्या उंचीच्या जवळपास जाणारा चिनी मातीचा मोर मेलबर्नच्या 1880 च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी येत होता. एवढे मोठे जहाज फुटले, माणसे गेली, आणि तो मोर पेटीसह जवळजवळ अभंग किनाऱ्याला लागला. तो आता वॉर्नंबूलच्या फ्लॅगस्टाफ हिल येथील सागरी संग्रहालयात आहे. मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी वॉर्नंबूल करता येईल. देवमासे मात्र जानेवारीत दिसणार नाहीत. लोगन्स बीचला ते हिवाळ्यात, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबरमध्ये येतात.

चहाबाज

एवढी जहाजे याच किनाऱ्यावर का फुटत होती? समुद्र काय कमी आहे?

निवृत्त_मास्तर

कमी होता, हेच उत्तर आहे. युरोपातून निघालेली जहाजे हजारो मैल मोकळ्या महासागरातून येत आणि शेवटी त्यांना केप ओटवे आणि किंग बेट यांमधील सुमारे 90 किलोमीटरच्या फटीतून आत शिरावे लागे. ढगाळ हवेत सूर्य-तारे दिसले नाहीत तर आपण नेमके कोठे आहोत हे कप्तानाला कळत नसे. थोडे दक्षिणेला गेल्यास किंग बेट, थोडे उत्तरेला गेल्यास हे कडे. 1845 साली कॅटराक्वी नावाचे जहाज किंग बेटावर फुटून सुमारे चारशे माणसे गेली आणि त्यानंतर केप ओटवेचा दीपस्तंभ उभारला गेला. तो 1848 साली प्रज्वलित झाला.

लेन्सवाला

खडकवाचकांच्या प्रकाशाच्या मुद्द्याला मी छायाचित्रकार म्हणून दुजोरा देतो, पण एक दुरुस्ती सुचवतो. सर्वजण सूर्यास्ताचा आग्रह धरतात, आणि तो योग्य की अयोग्य हे ऋतूवर अवलंबून आहे. जानेवारीत सूर्य नैर्ऋत्येला समुद्रावर मावळतो, त्यामुळे पश्चिमेकडील सुळक्यांना बाजूने प्रकाश मिळतो आणि मागे आकाश रंगते. जूनमध्ये तो बराच उत्तरेकडे सरकून कड्यांच्या, म्हणजे जमिनीच्या दिशेने मावळतो आणि ज्याची वाट पाहत गारठलेलो असतो ते दृश्य मिळत नाही. जानेवारीत सकाळ मला संध्याकाळपेक्षाही अधिक आवडते, कारण उगवता सूर्य पाठीमागून येऊन पश्चिमेच्या सुळक्यांवर थेट पडतो, आणि त्या वेळी मचाणावर फारशी गर्दीही नसते. मेलबर्नहून निघणाऱ्या सहलीच्या बस साधारण दुपारच्या सुमारास येथे पोहोचतात आणि त्या वेळी कठड्याजवळ उभे राहायला रांग लागते.

ड्रोन मात्र आणू नये. परवानगीशिवाय राष्ट्रीय उद्यानात तो उडवता येत नाही.

जिलॉन्गवासी

लेन्सवाला, आपले म्हणणे छायाचित्रांसाठी योग्य आहे. साताऱ्याहून येणारे आजोबा तिपाई घेऊन येणार आहेत का, हा माझा प्रश्न आहे. जानेवारी अखेरीस सूर्यास्त साडेआठनंतर होतो. त्यानंतर अंधारात अनोळखी रस्त्यावर, कांगारू आडवे येण्याच्या वेळेला, वृद्धांना घेऊन गाडी चालवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

ओटवेकर

म्हणूनच तर बारा किलोमीटरवर राहावे असे पहिल्याच प्रतिसादात लिहिले आहे. अंधारात तीन तास गाडी चालवण्याची वेळ एका दिवसात परतणाऱ्यांवर येते, राहणाऱ्यांवर येत नाही.

यारातीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चा वाचून माझा कल मुक्कामाकडे झुकू लागला आहे, पण सासूबाईंच्या गाडी लागण्याचा प्रश्न शिल्लक आहे. त्यांना ग्रेट ओशन रोड हा किनाऱ्याचा रस्ताही दाखवायचा आहे, कारण त्यांच्या भिशीमंडळातील कोणीतरी त्याची चित्रफीत पाठवली होती आणि तो रस्ता पाहिल्याशिवाय त्या परत जाणार नाहीत. काही मध्यममार्ग आहे का?

सरिता_वारणा

आहे. जाताना प्रिन्सेस हायवेने कोलॅकपर्यंत जावे, पुढे कॅम्परडाउन आणि कॉबडेनवरून पोर्ट कॅम्पबेल गाठावे. हा रस्ता गाईंच्या कुरणांमधून सरळ जातो, वळणे फारशी नाहीत. दुसऱ्या दिवशी परतताना संपूर्ण किनारी रस्ता घेऊ नये. लॅव्हर्स हिलच्या आसपासचा ओटवेच्या जंगलातील भाग आणि अपोलो बे ते लॉर्न हा कड्यालगतचा भाग दोन्ही वळणांचे आहेत. परतताना आतल्या रस्त्यानेच विंचेल्सीपर्यंत येऊन तेथून खाली एंगलसी गाठावे आणि एंगलसी ते टॉर्की हा सौम्य तुकडा करावा. समुद्र काही ठिकाणी दिसतो, वळणे बेताची आहेत आणि ‘ग्रेट ओशन रोडवरून गेलो’ हे विधान पूर्णपणे खरे ठरते. सासूबाईंना पुढच्या आसनावर बसवावे आणि आल्याची वडी हाताशी ठेवावी.

जिलॉन्गवासी

हा मार्ग मला मान्य आहे. एक भर घालतो. वाटेत ईस्टर्न व्ह्यू येथे रस्त्यावर लाकडी कमान लागते, ती एंगलसीपासून थोडी पश्चिमेला आहे; तेवढी वाकडी वाट जरूर करावी. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात कुदळ-फावड्यांनी हा रस्ता कड्यात खोदला आणि तो युद्धात मरण पावलेल्या सहकाऱ्यांचे स्मारक म्हणून बांधला गेला. टॉर्कीपासून ॲलन्सफोर्डपर्यंत त्याची लांबी 243 किलोमीटर आहे. सातारा जिल्हा सैनिकांचा आहे, त्यामुळे आजोबांना या गोष्टीत निश्चित रस वाटेल.

यारातीर

सासरे स्वतः सैन्यात होते. ही माहिती मी त्यांना फोनवर सांगितली आणि आता अपॉसल्सपेक्षा त्या कमानीचीच चौकशी अधिक चालू आहे.

भटका_जीव

हेलिकॉप्टरच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले दिसत नाही. आम्ही घेतले होते आणि मला ते आवडले. वरून पाहिल्यावर किनारा कसा तुटत गेला हे एका नजरेत कळते. घळी, कमानी, सुळके सगळे एका रांगेत दिसतात. पायऱ्या न उतरता येणाऱ्या माणसाला तर हा मोठाच लाभ आहे. मात्र सर्वांत लहान फेरी अगदी थोड्या मिनिटांची असते आणि पैसे माणशी मोजावे लागतात, त्यामुळे चौघांचा हिशेब आधी करावा. जोराचा वारा किंवा खालचे ढग असल्यास उड्डाण होत नाही. आम्हाला एका सहल-आयोजकाने ‘उड्डाण नक्की होईल’ असे सांगून पैसे आधीच घेतले होते आणि हवा बिघडल्यावर परताव्यासाठी महिनाभर पत्रव्यवहार करावा लागला. हवा पाहून जागेवरच ठरवावे.

ओटवेकर

माझा विरोध आहे. मचाणावर उभे राहिल्यावर ऐकायची गोष्ट म्हणजे लाटेचा कड्याच्या पोटातून येणारा आवाज, आणि दिवसभर डोक्यावर चाललेल्या घरघरीने तोच बुडतो. एकाच्या काही मिनिटांच्या आनंदासाठी खाली उभ्या असलेल्या शेकडो जणांनी किंमत मोजावी, हे मला पटत नाही.

भटका_जीव

ओटवेकर, आपण मचाणापर्यंत मोटारीने गेलात, पायी गेला नाहीत. गोंगाटाचे आपापले वाटे आपण सर्वच उचलतो.

कोकणी_वाघीण

एका गंभीर विषयाकडे लक्ष वेधते. मागील भेटीत आम्ही तेथे असताना काही तरुण मंडळी कठडा ओलांडून कड्याच्या टोकावर बसून फोटो काढत होती, आणि त्यांत आपल्या भाषेत एकमेकांना ‘अजून थोडा मागे सरक’ असे सांगणारेही होते. कडे सत्तर मीटरपर्यंत उंच आहेत आणि वरची माती खालून पोकळ झालेली असू शकते. वरून हिरवे गवत दिसते, त्याखाली काय आहे हे वर उभ्या असलेल्या माणसाला समजण्याचा मार्ग नसतो. आमच्याकडे हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी जाऊ नये असे लिहिलेले असूनही माणसे जातात आणि लाटेबरोबर वाहून गेल्याच्या घटना घडतात. येथे नेमका तोच प्रकार पाहून फार वाईट वाटले. सासू-सासरे असे करणार नाहीत हे उघड आहे, पण बरोबर मुले असतील तर त्यांना आधीच बजावावे.

खडकवाचक

अगदी योग्य. याचे सर्वांत बोलके उदाहरण याच उद्यानात, पोर्ट कॅम्पबेलच्या पश्चिमेस आहे. लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान मुख्य भूमीला जोडलेली होती आणि लोक तिच्यावरून चालत टोकापर्यंत जात असत. 15 जानेवारी 1990 रोजी भूमीकडची कमान अचानक कोसळली. त्या क्षणी दोन पर्यटक पलीकडच्या भागावर होते. त्यांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. काही मिनिटे आधी ते त्याच पुलावरून चालत गेले होते. पायाखालचा चुनखडक तडकताना आधी सूचना देईलच असे नाही. आता त्या जागेला लंडन आर्च म्हणतात आणि ती केवळ दुरून पाहता येते. लॉक आर्डजवळची आयलंड आर्चवे ही कमानही 2009 साली पडली. तिच्या उरलेल्या दोन खांबांना टॉम आणि इव्हा अशी नावे दिली आहेत. दोघांचे लग्न लोकांनी शेवटी खडकांत लावले, असे म्हणायला हरकत नाही.

चहाबाज

भटका जीव, हेलिकॉप्टर फुकटात मिळवण्याचा एक मार्ग खडकवाचकांनी सांगितला आहे, पण तो कोणी वापरू नये.

सिडनीचा_शंकर

थोडा विरोधी सूर लावतो. मला हे ठिकाण त्याच्या कीर्तीच्या मानाने साधे वाटले. जे दृश्य हजार वेळा छायाचित्रात पाहिलेले असते, तेच तेथे तसेच्या तसे उभे असते. त्यात भटकण्यासारखे, शोधण्यासारखे काही उरत नाही. लाकडी मचाण, कठडा, सेल्फी, परत. यारातीर यांच्या नवऱ्याचे सहकारी अगदी चुकीचे बोललेले नाहीत.

लेन्सवाला

शंकरराव, आपण किती वाजता गेला होतात?

सिडनीचा_शंकर

दुपारी दोन. सहलीच्या बसने. पाऊण तास मिळाला, त्यातील बराचसा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला.

सरिता_वारणा

ज्याला शोधायचे आहे त्याच्यासाठी अपोलो बेपासून अपॉसल्सपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरची ग्रेट ओशन वॉक ही पायवाट आहे. तिच्या शेवटच्या टप्प्यात सुळके दुरून हळूहळू उघडत जातात. पण हा सल्ला यारातीर यांच्या कुटुंबासाठी नाही.

शंकर यांनी बसमधून पाहिले ते खोटे नाही. फक्त तो दिवसाचा सर्वांत निस्तेज भाग होता. संध्याकाळी शेवटच्या बस गेल्यावर मचाणावर थांबणारी माणसे थोडी असतात आणि ती घाईत नसतात. अंधार पडू लागला की खालच्या वाळूवर लहान पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात. उंचीवरून ते केवळ काळे ठिपके दिसतात. आधी फेसाच्या रेषेवर एक पुंजका जमतो, बराच वेळ घुटमळतो, एखादा पुढे येऊन पुन्हा मागे पळतो आणि मग सगळे एकदम वाळू ओलांडून कड्याच्या पायथ्याशी नाहीसे होतात. दुर्बीण नसेल तर हे निसटून जाते. त्यांच्यावर विजेरीचा झोत किंवा फ्लॅश टाकू नये. याच सुमारास मटनबर्ड बेटावर हजारोंच्या संख्येने पक्षी समुद्रावरून परततात. हे पक्षी उत्तरेकडे अलास्कापर्यंत जाऊन पुन्हा याच बिळांत येतात. जानेवारीत त्यांची पिल्ले बिळात असतात, म्हणून आपला महिना त्यासाठी उत्तम आहे.

निवृत्त_मास्तर

पेंग्विन पाहायचे असल्यास गरम कपडे न्यावेत, जानेवारी असला तरीही. दुपारी मेलबर्नमध्ये चाळीस अंश असताना संध्याकाळी त्या मचाणावर मला कानटोपी हवीशी वाटली होती. तेथून दक्षिणेला थेट अंटार्क्टिका आहे, मध्ये वारा अडवायला काही नाही. पत्नीने बरोबर घेतलेले दडपे पोहे डबा उघडताच अर्धे व्हिक्टोरिया राज्याला अर्पण झाले. खाण्याचे गाडीत बसूनच उरकावे.

यारातीर

निर्णय झाला आहे. पोर्ट कॅम्पबेलला खोली मिळाली, तीही तळमजल्यावर. पहिल्या दिवशी सरिता यांच्या मार्गाने दुपारी तेथे पोहोचून विश्रांती घेणार आहोत, चहानंतर लॉक आर्ड गॉर्जचा वरचा भाग आणि दफनभूमी पाहून सात वाजता अपॉसल्सच्या मचाणावर जाणार आहोत. दुसऱ्या दिवशी सकाळी लेन्सवाला यांनी सांगितलेला प्रकाश पाहायला मी आणि नवरा लवकर जाऊ. त्या दोघांना उठायचे असेल तर येतील. हेलिकॉप्टरचे हवा पाहून ठरवू. परतताना ईस्टर्न व्ह्यूची कमान. जिलॉन्गवासी, आपले म्हणणे मी घरात वाचून दाखवले. त्यावर सासरे म्हणाले की, गादीची सवय सैन्यात मोडलेली आहे, चहाचे मात्र बघा.

जिलॉन्गवासी

मग माझी हरकत मागे घेतो, चहापुरती कायम ठेवून. परतताना जिलॉन्ग वाटेतच लागते. आमच्याकडे थांबल्यास आल्याचा चहा मिळेल. व्यक्तिगत निरोपातून पत्ता पाठवतो.

ओटवेकर

निघण्याच्या आदल्या दिवशी पार्क्स व्हिक्टोरियाचे संकेतस्थळ पाहावे. दरड कोसळल्यास किंवा समुद्र खवळल्यास गिब्सन स्टेप्स आणि काही वाटा बंद ठेवतात. पेट्रोल कोलॅकलाच भरून घ्यावे आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण मध्ये काही पट्ट्यांत फोनला रेंज मिळत नाही.

चहाबाज

आणि तेथे पोहोचल्यावर सुळके मोजून येथे आकडा कळवावा. आठाहून कमी भरल्यास खडकवाचकांना जबाबदार धरण्यात येईल.